कोरडं चालते

२० ऑक्टोबर १९७४

सोयाबीन मळून झालं. शाळेमागच्या पंचायतीच्या पडीक तुकड्यात ते पेरलं तेव्हा गावाने माझी पोटभर टिंगल केली होती. ग्रामसेवकाने कागद रंगवावेत, वखर धरू नये, असं सरपंच बापूराव पारावर बसून बोलले होते. माझा बाप वाशीमच्या बाजारात वांगी विकतो, माळ्याच्या पोराला माती नवी नाही, हे मी त्यांना सांगत बसलो नाही. आज पोती भरून खोलीत लागली तेव्हा बापूरावांनी स्वतः एक दाणा दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

“साहेब, हे ढोरं तरी खातीन का?”

हसून घ्या म्हटलं. दुष्काळात परदेशची लाल ज्वारी आली, दुधाची भुकटी आली, म्हणून इथली लेकरं जगली. आता ते येणं बंद झालं आणि पोरांच्या हातापायांच्या पुन्हा काड्या झाल्या. भाकरी मिळते, पण वरण नाही. गावची तूर गाडीत बसून वाशीमला जाते. सोयाबीनमध्ये डाळीपेक्षा जास्त ताकद आहे, ते लवकर येतं आणि रानाचा कसही वाढवतं. दुसऱ्याच्या पोत्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्या लेकरांचं आपल्या मातीतून निघावं, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

पंचायत समितीने पोषण केंद्राला मार्चपर्यंत मंजुरी दिली आहे. अट एकच. सगळ्या गावाची लेकरं आली तर पुढे चालेल, नाही तर बंद.

२८ ऑक्टोबर

केंद्रावर भागिरथाबाई स्वयंपाक करणार. अकोल्याच्या शिबिराला यायला गावातली दुसरी कुणी बाई तयार झाली नाही. या बौद्धपुऱ्यातल्या. नवरा पुंजाजी बापूरावांकडे सालदार आहे. स्वतः सातवी शिकलेल्या, तोंडाने फटकळ. शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट दहादा सांगितली, की दाणे रात्रभर भिजवा, चोळून साल काढा, भरपूर उकळा, मग हवं तर वाळवून दळा. कच्चं पोटाला बाधतं. भागिरथाबाई येताना एसटीत म्हणाल्या, “येवढं न्हाऊ-माखू त आमी नवरीलेबी घालत नाही.” मी खूप हसलो.

त्यांना नेमल्याबद्दल दोघातिघांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मी मुद्दाम दुर्लक्ष केलं. असले भेद मी मानत नाही. सुरुवात कुणीतरी करायलाच हवी.

३ नोव्हेंबर

केंद्र सुरू झालं. शाळेच्या पडवीत चूल मांडली. उकडलेल्या सोयाबीनच्या घुगऱ्या, वरून मीठ आणि कांदा, सोबत ज्वारीची भाकरी. पोरं हात चाटत होती. मात्र आली ती बौद्धपुऱ्याची आणि पलीकडच्या तांड्याची. गावातलं एकही लेकरू फिरकलं नाही. दोन पोरी कुंपणाबाहेरून बघत होत्या, त्यांना आईने दंडाला धरून नेलं.

संध्याकाळी बापूरावांशी ओट्यावर बोलत होतो, तेवढ्यात भागिरथाबाई वाटी घेऊन आल्या. “साहेब, चाखून पाहा. मीठ बरोबर हाय का?” मला भूक नव्हती. वाटी लेकरांना वाटून टाका म्हणालो. त्या वाटी घेऊन परत गेल्या.

रात्री आवडाबाईंकडे जेवण. या बापूरावांच्या मातोश्री. माझी खानावळ त्यांच्याकडेच आहे. झुणका असा झाला होता की चार भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही.

११ नोव्हेंबर

गावातली पोरं अजून येत नाहीत. आज घरोघर फिरलो. तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. कुणाच्या पोराला खोकला, कुणाचं मामाच्या गावाला गेलेलं. शेवटी आवडाबाईंनीच समजावलं.

“रंगराव, तू शयरातला. तुले समजत नाही. तिनं पानी लावलं की संपलं. वल्लं चालत नाही. कोरडं चालते. दाना चालते, पीठ चालते. कोरड्याले काई लागत नाही.”

मग म्हणाल्या, “तिले म्हना, दाने निवडून कोरडेच दळून दे. माह्या घरी पोचव. मी गूळ घालून लाडू वळीन. सारं गाव खाईन, माह्या नातवापासून सुरवात करीन.”

काय डोकं आहे म्हातारीचं. ज्या गाठीवर मी आठ दिवस नखं मोडली, ती तिने बसल्या जागी सोडवली.

१२ नोव्हेंबर

रात्री विचार करत होतो. कोरडं दळायचं म्हणजे भिजवणं नाही, उकळणं नाही. शिबिरातलं आठवलं. पण आवडाबाई पीठ तेलावर भाजणारच आहेत. भाजलं म्हणजे शिजलंच की. आणि भिजवायचं ते मुख्यतः वास जावा म्हणून असणार, गुळापुढे वास कुठे टिकतो? शास्त्राला गावाच्या रीतीशी थोडं जुळवून घ्यावंच लागतं.

सकाळी भागिरथाबाईंच्या घरी जाऊन सांगितलं. त्या सूप घेऊन दाणे निवडत होत्या. हात थांबला.

“माह्या हातचं पीठ चालते?”

“चालतं.”

“अन् माह्या हातचं पानी?”

मी म्हणालो, बाई, हळूहळू होईल. आज पीठ, उद्या पाणी. त्यांनी चहा टाकते म्हटलं, पण मला मेडशीला जायची घाई होती.

१८ नोव्हेंबर

आज पडवी भरली. सगळं गाव. फार आनंद झाला आहे. आवडाबाई पाटावर बसून लाडू देतात. गावची पोरं पुढे, बौद्धपुऱ्याची आणि तांड्याची थोडी मागे. मागच्या पोरांच्या ओंजळीत त्या लाडू वरून सोडतात, एखादा खाली पडतो. गर्दीत होणारच. विस्तार अधिकारी आले होते, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हा प्रयोग इतर गावांतही नेऊ म्हणाले.

२३ नोव्हेंबर

बौद्धपुऱ्याची लेकरं येईनाशी झाली. विचारायला गेलो तर भागिरथाबाईंच्या अंगणात पंगत बसलेली. केंद्राच्या पोत्यातून मजुरीत मिळालेले दाणे त्या घरी भिजवतात, उकळतात आणि पुऱ्यातल्या सगळ्या पोरांना घुगऱ्या घालतात.

“केंद्र असताना घरी कशाला?” मी जरा रागानेच विचारलं.

“तिथं लाडू झेलाव लागते, साहेब. आमचे पोट्टे झेलन्यात कच्चे हायेत.”

मला ते लागलं. एवढा खटाटोप करून मी सगळ्यांना एका छपराखाली आणलं आणि ह्यांनी पुन्हा वेगळी चूल मांडली. हट्टी बाई आहे.

२९ नोव्हेंबर

काही दिवस पोट दुखतं म्हणणारी पोरं आज दुपारपासून ओकू लागली. आधी दोन, मग एकेका घरातून आणि तांड्यावरून निरोप. पोट फुगलेलं, जुलाब थांबत नाहीत. आवडाबाईंचा नातू सगळ्यांत वाईट. चार वर्षांचा असेल. त्याला लाडू आवडतात म्हणून म्हातारी घरीही देत होती. डोळे आत गेले होते, आईला ओळख देत नव्हता. बैलगाड्या जुंपून मेडशीच्या दवाखान्यात नेलं. मी नातवाला मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याचं अंग लाकडासारखं झालं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं. कसं केलं होतं? तेही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“उकळलं नव्हतं?”

“तेलावर भाजलं होतं.”

“बाई खमंग वास सुटेपर्यंत भाजत असतील. त्याने आतला कच्चेपणा जात नाही. पाणी पाजत राहा.” एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

मला हे ठाऊक होतं. दहादा सांगितलं होतं. ठाऊक होतं आणि मी ते गुळाखाली झाकलं.

१ डिसेंबर

सगळी लेकरं वाचली. नातू डोळे उघडतो, पण मान धरत नाही.

गावात वेगळंच पेटलं आहे. कुणीतरी म्हणालं, बौद्धपुऱ्याचं एकही पोट्टं पडलं नाही. हे काहून? झालं. पीठ भागिरथाने दळलं. आपली पोरं आधीच काढून घेतली. तिने पिठात काही कालवलं. बापूराव ठाण्यात रपट द्यायला निघाले आहेत. परवा पारावर बैठक आहे.

ती पोरं पडली नाहीत, कारण त्यांनी उकळलेलं खाल्लं. इतकं सरळ आहे. ज्यावरून ती बाई सुटायला हवी, तेच तिच्या गळ्यात अडकवून राहिले आहेत. बैठकीत मी उभा राहून सांगणार, चूक माझी. नोकरी गेली तर गेली. बापाच्या वाफ्यात वांगी लावीन.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. मी काही वाईट माणूस नाही.

३ डिसेंबर

जे झालं ते तसंच लिहितो.

पारावर सगळं गाव. बौद्धपुऱ्याची माणसं खाली, रस्त्याच्या कडेला. मी उठलो आणि सगळं सांगितलं. दाणे उकळायचे होते, मला माहीत होतं. गावाने खावं म्हणून मी कोरडं दळायला लावलं. भागिरथाबाईंनी मी सांगितलं तेवढंच केलं. आवडाबाईंचाही दोष नाही. पोरं माझ्यामुळे पडली.

मला वाटलं होतं की लोक अंगावर येतील. कुणी हललं नाही. बापूराव उलट मवाळ झाले.

“साहेब, तुमी मोठ्या मनाचे. त्या बाईची नौकरी जाऊ नये म्हनून सोतावर घेऊन राह्यले. आमाले काय समजत नाही का?”

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगत गेलो तितक्या लोकांच्या माना कौतुकाने हलू लागल्या. एक म्हातारा तर हात जोडून बसला.

तेव्हा भागिरथाबाई खालून वर आल्या. डोक्यावर पातेलं होतं. ते त्यांनी पारासमोर ठेवलं आणि झाकण काढलं. वाफ निघाली.

“साहेब खरं सांगून राह्यले. हे तेच दाने हायेत, त्याच पोत्यातले. आमच्या लेकरायनं रोज खाल्ले. म्या काई कालवलं असन त याच्यातबी असन. कोनीबी या, खाऊन पाहा.”

कुणी उठलं नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याही बघत होत्या.

पाच पावलं असतील. मी उठायला हात टेकला, इतकं मला आठवतं.

बापूराव हळूच म्हणाले, “साहेब, राहू द्या. सुरवातीले तिनं वाटी आनली होती, तवा मी संगं होतो. भूक नाही म्हनले तुमी. घडीभरानं आमच्या घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या. मायनं वाढल्या, मी समोर होतो. आमी काई म्हनलं का? ज्याची त्याची रीत असते. पन तुमीच जे खात नाही, ते आमाले चांगलं हाय म्हनून कायले सांगता?”

लोक हसले. दुष्टपणाने नाही, घरच्या माणसाला हसतात तसं. मला आपल्यातला समजून हसले.

त्या वेळी उठून एक घास घेतला असता तरी चाललं असतं. मी हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिलो. का बसलो याची कारणं आता शंभर सुचतात. तेव्हा एकही कारण मनात नव्हतं. अंगच उठलं नाही. मला वाटत होतं की माझ्यात ते नाही. ते अंगातच होतं.

भागिरथाबाईंनी झाकण ठेवलं आणि पातेलं उचलून त्या खाली गेल्या.

मग निकाल झाला. साहेबांच्या शब्दाखातर रपट द्यायची नाही. केंद्र बंद. पुंजाजीने उद्यापासून कामावर येऊ नये. मला कुणी शब्दाने दुखवलं नाही. आवडाबाईंनी रात्री जेवायला बोलावणं पाठवलं. मी गेलो नाही. पण सांगताना तब्येत बरी नाही असंच सांगितलं.

९ डिसेंबर

केंद्र “तात्पुरते स्थगित” असं वर कळवलं. पडवीतली चूल पोरांनी लाथेने पाडली.

पुंजाजी रस्त्यावर खडी फोडायला जातो. वर्षाचा करार, वर्ष अर्धं झालं होतं. बापूरावांना त्याबद्दल बोललो. “साहेब, तुमचं मन लई कोवळं हाय,” म्हणाले आणि पान पुढे केलं.

आवडाबाईंचा नातू अजून भिंतीला धरून चालतो. त्याला काय खायला घालू, असं त्यांनी मला विचारलं. सोयाबीन उकळून, मऊ करून द्या, सांगितलं. त्या उठून आत गेल्या. आता कुणीही काहीही केलं तरी त्या घरात ते धान्य शिजणार नाही. गावातली कुणीच बाई ते शिजवणार नाही. चांगल्या धान्याचं नाव मी चार गावांत घालवलं. पुन्हा कुणी ग्रामसेवक सोयाबीनचं पोतं घेऊन इकडे आला तर लोक त्याला या दिवसांची गोष्ट सांगतील, आणि त्या गोष्टीत दोषी म्हणून माझं नाव नसेल.

१५ डिसेंबर

बौद्धपुऱ्यातून निरोप आला, साहेबाने यावं. गेलो. वाटलं की आता शिव्या ऐकायच्या. ऐकायची तयारी होती.

अंगणात पुंजाजी आणि दोन-चार जाणती माणसं बसली होती. जयभीम झाला. पुंजाजी म्हणाला, खोलीत जे पोतं पडून आहे ते बियाण्याला द्या, येत्या पावसाळ्यात पुऱ्यातली तीन घरं आपापल्या वावराच्या कडेने पेरणार आहेत. लेकरांना हे मानवलं आहे. केंद्र असो नसो.

मी सगळंच देतो म्हणालो. दाणे किती खोल टाकायचे, ओळीत किती अंतर, पाणी साचू द्यायचं नाही, सगळं सांगितलं. मला बोलता येत होतं, म्हणून मी बोलत राहिलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

भागिरथाबाई चुलीपाशी होत्या. पोरांची पंगत उठत होती. मी म्हणालो, “बाई, मलाही द्या थोडं.”

त्या माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“आता काहून, साहेब? त्या दिवशी चार लोकायपुढं एक दाना तोंडात टाकला असता त आमच्या कामी आला असता. याची नौकरी राह्यली असती. त्या म्हातारीचा नातू आज इथं बसून खात असता. आज खासान त ते नुसतं तुमच्या पोटात जाईन.”

पुंजाजी म्हणाला, “जाऊ दे ना, दे त्यायले.”

“देऊन राह्यले. मी कोनाले नाही म्हनत नाही.”

वाटी आली. मी ओट्यावर बसून खाल्लं. लेकरं उभी राहून बघत होती. एका पोरीने विचारलं की साहेबाला भाकरी नको का, आणि तिच्या आईने तिला गप्प केलं. घुगऱ्या चांगल्या मऊ शिजल्या होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. खाताना माझं लक्ष दोनदा तिकडे गेलं, आणि ते भागिरथाबाईंनी पाहिलं.